अडीच तासांचं पालेर्मो

७ ऑगस्ट, जव्हार

जुलैच्या प्रशिक्षणात मिळालेली वही कोरीच पडली होती. आज उघडली, कारण निशाच्या जहाजाचं वेळापत्रक चिठ्ठ्यांवर लिहून लिहून हरवतं आहे.

निशा एप्रिलपासून जहाजावर आहे. प्रवाशांच्या खोल्या आवरते. नाशिकला हॉटेलचा कोर्स केला तेव्हा वाटलं होतं, फार तर ठाण्याला लागेल. लागली ती थेट समुद्रावर. तिचं जहाज भूमध्य समुद्रात गोल फिरतं, सात दिवसांची एक फेरी. बाकीच्या बंदरांना ती कामात असते, नाहीतर शहर लांब असतं. एकच बंदर असं आहे की शिडी उतरलं की शहर समोर. पालेर्मो. इटलीच्या खालच्या टोकाला मोठं बेट आहे, तिथलं. तिथे तिला दुपारी सव्वा ते पावणेचार मोकळीक मिळते. आपल्याकडे तेव्हा पावणेपाच ते सव्वासात.

आज विचारलं, "मग काय काय पाहिलंस गं?"

"अजून काही नाही, आई. पाय दुखतात. जाऊन बसते बंदरावर."

चार महिन्यांत काही नाही! नऊ ऑक्टोबरला पालेर्मोची शेवटची फेरी. मग जहाज मोठा समुद्र ओलांडून पलीकडे जाणार, आणि पुन्हा त्याच बाजूला येईल तेव्हा निशा त्याच्यावर असेलच असं नाही. मी मोजलं. अजून नऊ वेळा जहाज तिथे लागेल. त्यातल्या तीन वेळा तिची जहाजावर थांबायची पाळी आहे. म्हणजे उरले सहा.

मी चव्वेचाळीस वर्षांत दोनदा समुद्र पाहिला. माझ्या लेकीच्या दारात दर आठवड्याला एक शहर येऊन उभं राहतं आणि ती म्हणते पाय दुखतात.

१० ऑगस्ट

दुपारी नकाशा काढून बसले. पालेर्मो तसं चालायला सोपं आहे. बंदरातून सरळ गेलं की मोठ्या पायऱ्यांचं नाट्यगृह. तिथून डावीकडे वळून सरळ गेलं की चार कोपऱ्यांना चार सारख्या इमारती असलेला चौक. पुढे जुनं मोठं चर्च. आणि मग गल्ल्यांमधून भरणारा बाजार, शेकडो वर्षांचा म्हणतात.

पंधरा वर्षं मोखाड्याच्या ऑफिसात साहेबांचे दौरे आखते आहे. हात तसाच चालला. 'दुपारी १.१५ बंदरातून प्रस्थान. १.३५ नाट्यगृह आगमन व पाहणी. १.५० चौक. २.०५ चर्च. २.३० बाजार पाहणी. ३.१० परतीचा प्रवास. ३.३५ ते ३.४५ राखीव.' टंकून, रेघा मारून, फोटो काढून पाठवला.

निशाच्या बाबाने, सुदर्शनने, चहा पिता पिता वाचला. तो साखरशेतच्या शाळेत मास्तर, त्याला तपासण्यांचा तिटकारा. म्हणाला, "कमू, पोरीला सुट्टी आहे. तपासणी नाही."

मी म्हटलं, वेळ आखला नाही तर वेळ जातो.

११ ऑगस्ट

ऑफिसच्या संगणकावर दौऱ्याची प्रत राहून गेली होती. शेजारच्या टेबलावरच्या हरेशने पाहिली. आता दर तासाला येऊन विचारतो, "मॅडम, पालेर्मोला जेवणाची व्यवस्था कुणाकडे? गाडी कुणाची लावायची?" शेवटी मी फाइल उचलली तेव्हा पळाला.

निशाचं उत्तर आलं. हसणारी तीन तोंडं आणि 'जी मॅडम.'

१४ ऑगस्ट

आज मोखाड्याचा बाजार. बय आली होती. (ऑफिसात मी तिला आई म्हणते. वहीत कशाला?) पाड्यावरून सकाळची जीप धरते आणि अकराच्या सुमाराला ऑफिसच्या पायरीवर येऊन बसते. पदरात दोन काकड्या. आज कामाचा ढीग होता. मी म्हटलं, "बय, तू बाजार करून घे तोवर, चारची जीप चुकेल."

"मना काय बाजार करायचा? मीठ घेतलं. झालं."

"मग घरी तरी लवकर जा."

"बसते जरा. सावली हाय."

मधल्या सुट्टीत तिला चहा पाजला. काकडी तिथेच कापून खाल्ली. दहा मिनिटं झाली असतील. चारला ती उठून गेली. दर बाजाराला तासचे तास अशी एका जागी बसते, पाय धरून येतात. खेप कशाला घालते कळत नाही.

पाचला निशाचा फोन. आज लवकर सुटली म्हणे, अकरालाच, आणि सगळं बघूनही झालं! नाट्यगृहाचा आणि चौकाचा फोटो आला. किती सुंदर चौक. निशा त्यात नाही, म्हणाली, माझा कोण काढणार? बोलताना तिच्या मागे पांढरी भिंत आणि बसस्थानकात असतात तशा जोडलेल्या खुर्च्या. सव्वा तास बोललो. पाड्यावरचं, शेजारच्या ममताच्या गरोदरपणाचं, गॅसवर दूध उतू गेलं त्याचं. तिला असलं काहीही चालतं.

आखलेलं काम वेळेआधी पुरं करायची सवय तिला माझी आहे.

२१ ऑगस्ट

निशाची आज थांबायची पाळी. फोन नाही. जहाजावरचं इंटरनेट फार महाग पडतं, एखादा निरोप पाठवते, पण बोलते बंदरावरूनच.

बाजार होता. बय येऊन गेली. मी साहेबांबरोबर वावर गावाला गेले होते, भेट झाली नाही. टेबलावर कागदात बांधलेली नाचणीची भाकरी आणि चटणी होती.

२८ ऑगस्ट

मोठ्या चर्चचे चार फोटो! एक आतला, छताचा. मी ऑफिसात सगळ्यांना दाखवले. हरेश म्हणाला, "मॅडम, दौरा यशस्वी. आता अहवाल सादर करा."

निशाचा आवाज आज बसल्यासारखा होता. सर्दी म्हणाली. एका दिवसाला सोळा खोल्या, आणि फेरीच्या शेवटच्या दिवशी सगळ्या चादरी एकदम. सांगताना ती हसत होती. मी म्हटलं, "एवढं करून फिरतेस, कौतुक आहे." ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली. मग म्हणाली, "आई, फोन भिंतीला टेकवून ठेव ना. तू तुझं काम कर. मी नुसती बघते."

मग मी मागच्या व्हरांड्यात फायली आणून बसले आणि ती बघत बसली. अर्धा तास. मध्येच म्हणाली, "तो सुतळीचा गठ्ठा अजून तोच आहे?"

४ सप्टेंबर

बाजाराचे फोटो आले. म्हणजे दौऱ्यातलं सगळं झालं. संत्र्यांचे डोंगर, लटकवलेल्या लसणीच्या वेण्या, रस्त्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दिव्यांच्या चांदण्या. माणसं जाड कोट घालून हिंडताहेत. तिथला एखादा सण असावा. निशा बोलताना पुठ्ठ्याने वारा घेत होती, म्हणाली, आई, उकडून जीव जातोय.

"काय काय खाल्लंस बाजारात?"

"खाल्लं काहीतरी."

"काय ते?"

"नाव नाही माहीत गं. तू सांग, आज भाजी काय?"

कंटोळी, म्हटलं. तिने डोळे मिटले. "कशी केलीस? सगळं सांग. तेल टाकल्यापासून."

बय आज दोन वाजताच उठली. मी म्हटलं, बरं केलंस. ती म्हणाली, "तू कामात हायेस. पाड्याच्या पोरी सगळ्या चिंचेखाली बसल्यात, मी पण बसते त्यांच्यात."

१२ सप्टेंबर

काल फोनचा दिवस नव्हता, निशाची थांबायची पाळी होती. आज जे लिहायचं आहे ते लिहायला मला बरं वाटत नाही.

आम्हाला जुलैच्या प्रशिक्षणात सरकारी घरकुलांच्या बांधकामांचे फोटो तपासायला शिकवलं. घर पूर्ण झालं म्हणून फोटो येतो, तो त्याच घराचा आणि त्याच दिवसाचा आहे का, हे कसं ओळखायचं. सावली बघा. माणसांचे कपडे बघा. झाडाला पानं आहेत की नाहीत बघा. आज सकाळपासून मी तेच करत होते, एकेका घराची सावली बघत. दुपारी डोळे शिणले म्हणून निशाचा बाजार काढून पाहिला.

आणि सावली दिसली. लांब, सकाळची. कोट दिसले. फोटोतल्या अंगणातल्या झाडाला एक पान नाही.

मग चर्च. चर्चसमोर ओली फरशी, छत्र्या. त्या दिवशी निशाने सांगितलं होतं, तीन महिने पाऊस नाही.

हे फोटो दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी थंडीत काढलेले आहेत.

हरेशने विचारलं, "मॅडम, चुकीचं सापडलं का काही?" मी नाही म्हणाले.

१३ सप्टेंबर

सुदर्शनला सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. म्हणाला, "मला पहिल्या दिवशी वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू एवढी खूश होतीस. तीही."

"खोटं बोलते आहे ती!"

"दौरा तू पाठवलास, कमू. अहवाल तर यायलाच हवा होता."

मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. पण मला दुसरंच सुचत होतं. ती शहर पाहत नाही तर जाते कुठे? कुणी मुलगा आहे का? आजारी आहे का? पायाला काही लागलं आहे का, जे ती लपवते?

१८ सप्टेंबर

आज विचारलं. फोन उचलल्या उचलल्या.

"निशा, तू पालेर्मो पाहिलं आहेस का?"

तिने पांढऱ्या भिंतीला डोकं टेकलं. "नाही."

"मग ते फोटो?"

"माझ्या खोलीतली मुलगी आहे ना, लिंडा, मनिलाची. तिचे. गेल्या डिसेंबरातले, ती दुसऱ्या जहाजावर होती तेव्हाचे."

"मग तू जातेस कुठे?"

तिने फोन गोल फिरवला. एक लहान खोली. जोडखुर्च्या, चहाचं यंत्र, भिंतीवर एक कॅलेंडर, कोपऱ्यात झोपलेला एक काळा माणूस, बूट काढून. "हे बंदराच्या फाटकातच आहे. जहाजावरच्या लोकांसाठी. इथे इंटरनेट फुकट आहे. फाटकाबाहेर गेलं की माझ्या फोनला काही नाही. एवढंच आहे, आई. इथे बसते आणि तुझ्याशी बोलते. अडीच तास."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"अगं, पण शहर! वीस मिनिटांवर आहे!"

"मला माहीत आहे कुठे आहे ते. तू रेघा मारून दिलंस."

मला हसूही आलं आणि रागही. मी म्हटलं, हे असं आयुष्य वाया घालवू नकोस. म्हटलं, पुढच्या वेळी मी फोन उचलणारच नाही, मग बघते कशी जात नाहीस.

ती म्हणाली, "बरं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

२५ सप्टेंबर

फोन टेबलाच्या खणात ठेवला. चार सत्तेचाळीसला वाजला. चार पंचावन्नला वाजला. पाच वाजून दहा मिनिटांनी वाजला. मग नाही वाजला. मला वाटलं, गेली! मनात तिच्याबरोबर चालले. आता नाट्यगृह. आता चौक. आता चर्चच्या पायऱ्या. सव्वासहापर्यंत मी ऑफिसात बसून सगळं शहर चालून आले.

२६ सप्टेंबर

सकाळी निरोप दिसला, काल संध्याकाळी पाच वीसचा. 'खोलीत कुणीच नव्हतं आज. शेवटच्या फोननंतरही दहा मिनिटं बसले. आता जहाजावर परत जाते, झोपते. रागावू नकोस.'

दिवसभर तेच डोक्यात.

सुदर्शनला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तू दार लावलंस म्हणून ती बाजूच्या घरी जाईल असं थोडंच आहे."

३ ऑक्टोबर

काल गांधी जयंतीची सुट्टी, मी जव्हारला घरी होते. निशाची थांबायची पाळी होती. दिवसभर कपाटं आवरली. बाजार आहे हे डोक्यातच आलं नाही.

आज ऑफिसात आल्या आल्या हरेश म्हणाला, "मॅडम, काल तुमच्या आई पायरीवर होत्या."

"सुट्टी होती की!"

"तेच सांगितलं मी त्यांना. भाजी घेऊन चाललो होतो. म्हटलं, आजी, आज ऑफिस बंद आहे, कमलमॅडम यायच्या नाहीत. तर म्हणाल्या, मना माहीत नव्हतं. आलेच हाय तर बसते जरा." मग म्हणाला, "तीनला परत तिकडून गेलो तर होत्याच."

"बंद दारासमोर?"

"दाराकडे पाठ करून. रस्त्याकडे बघत."

पायरीवर, अगदी कडेला, काकडीच्या बिया वाळून चिकटल्या होत्या. एकटीनेच खाल्ली असेल. की माझ्यासाठी कापली आणि मग खाल्ली?

आज काम नीट झालं नाही. घरांच्या सावल्या बघत बसले.

५ ऑक्टोबर

मी पंधरा-सोळा वर्षांची असताना बय मिठागरावर जायची. आमच्याकडचे पुष्कळजण जायचे, भात कापून झालं की वसईच्या बाजूला. मी मोखाड्याच्या आश्रमशाळेत होते. शाळेला बाजाराच्या दिवशी दुपारची सुट्टी असायची आणि सगळ्या मुलींच्या आया बाजाराला यायच्या. माझी बय शिमग्यापर्यंत यायची नाही. मी चिंचेखाली दुसऱ्या मुलींच्या आयांमध्ये जाऊन बसायचे. त्या मलाही खायला द्यायच्या. बोलायचं काही नसायचं. बसायचं असायचं.

हे मी किती वर्षांत आठवलं नव्हतं. इथे कशाला लिहिलं तेही माहीत नाही.

९ ऑक्टोबर

आज पालेर्मोची शेवटची वेळ. आज खूप झालं आहे, सगळं लिहिते.

दुपारनंतरची अर्धी रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, मी म्हटलं बाजार. ते हसले. हरेश हसला नाही.

बय पायरीवर होतीच. मी शेजारी जाऊन बसले तशी ती दचकली. "काय झालं? बरं नाय का?"

"बरं आहे. चल, चिंचेखाली जाऊ."

चिंचेखाली आमच्या पाड्याची जागा ठरलेली आहे, मुळाच्या त्या बाजूला. पुतळीमावशी होती, तिच्या दोन लेकी होत्या, धाकटी मांडीवर पोर घेऊन. मला बघून मावशी म्हणाली, "आज साहेबीण जमिनीवर!"

"जमीन जुनीच आहे, मावशी."

"हां, पण पातळ नवं हाय. मळेल."

सगळ्या हसल्या. मी बसले. तीन तास बसले. कुणी खास काही बोललं नाही. भाताला दाणा बरा धरलाय, कविताच्या सासूचा गुडघा, रानडुकरं. मी बयला निशाचं सगळं सांगितलं. फोटोंचं, त्या खोलीचं, मी फोन उचलला नाही त्याचं. ती ऐकत होती आणि माझ्या साडीला लागलेली कुसळं एकेक काढत होती.

"कमू, तिथं पण बाजार हाय ना?"

"आहे. मोठा."

"आणि पोर फाटकात बसते."

"हो."

"लेक माहेरच्या माणसाला भेटायला बाजाराला येते," बय म्हणाली. "बाजार करायला कोण येतं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण बाजारात गेलंच नाय असं पण नको."

चार वाजले. जीपवाल्याने हाका मारल्या. बय उठली नाही. मी म्हटलं, "बय, जीप."

"जाऊ दे. आज तुझ्याकडं येते."

वर्षं झाली असतील ती जव्हारला आली नाही त्याला.

बरोबर पावणेपाचला फोन वाजला. निशा, पांढरी भिंत. मला बघून आधी तिचा चेहरा घट्ट झाला, मी पुन्हा काही बोलेन म्हणून. मी काही बोलायच्या आत बयने फोन हातात घेतला. तिला तो धरता येत नाही, पडद्यावर तिचं कपाळच दिसत असणार.

"बाय, मना तिथलं मीठ पाहिजे."

"काय?"

"मीठ. मी वसईचं उचललंय डोक्यावर. तुझ्या समुद्राचं कसं असतं बघायचंय. जाड असतं का बारीक. बाजारात मिळेल ना?"

निशा हसायला लागली. "आजी, मिळेल गं, पण मग बोलणं नाही होणार. बाहेर गेले की फोन बंद."

"मी कठं जाते? जीप गेली माझी. मी इथंच बसली हाय. तू जाऊन ये."

"अगं, जाऊन यायला दीड तास जाईल."

"मग जाईल. ऐक. मोकळ्या हाती जायचं. पहिल्या दुकानाला घ्यायचं नाय. पार टोकाला जायचं, बघत बघत, कोण काय देतो. परत फिरताना घ्यायचं. आणि धावायचं नाय, लोक चोर समजतात."

निशाने माझ्याकडे पाहिलं. म्हणजे फोनच्या कडेने माझा जेवढा भाग दिसत असेल तेवढ्याकडे. "आई?"

दौऱ्यात 'राखीव' दहा मिनिटं होती हे मला आठवलं आणि लाज वाटली. मी म्हटलं, "जा. आम्ही दोघी इथेच आहोत. तू येशील तेव्हा फोन उचलणार."

"नक्की?"

"नक्की."

पडदा काळा झाला.

मग आम्ही थांबलो. बाजार उठायला लागला. मावशी गेली, लेकी गेल्या. ताडपत्र्या निघाल्या, उरलेल्या टोमॅटोंवर कोंबड्या आल्या. सहाला मी विचारलं, "बय, तुला दर बाजाराला एवढा वेळ बसून कंटाळा नाही येत?"

"तू येतेस ना."

"मी दहा मिनिटं येते."

"येतेस ना," ती म्हणाली. फोन दोन्ही हातांत ओंजळीत धरल्यासारखा धरून बसली होती, अजून वाजायचा होता तरी.

साडेसहा वाजले. पावणेसात. माझा जीव वर-खाली. रस्ता चुकली तर? तिथल्या पावणेचारच्या आत शिडी चढली नाही तर? मीच तिला या अनोळखी गावात ढकललं. बय म्हणाली, "दोन्ही पाय हलवू नको, फळी हलते." आम्ही तोवर ऑफिसच्या पायरीवर येऊन बसलो होतो, पायरीला फळी कुठली, पण जीपच्या फळीवरची सवय, ती तसंच म्हणते.

सहा सत्तावन्नला वाजला.

निशा घामाने निथळत होती, केस सुटलेले, धापा टाकत. मागची भिंत पांढरीच. तिने आधी एक पुडी कॅमेऱ्यापुढे धरली, एवढी जवळ की काहीच दिसेना. मग लांब केली. जाड, करड्या रंगाचे खडे.

"जाड हाय," बय म्हणाली. "आपल्यापेक्षा जाड."

"आजी, टोकापर्यंत गेले! मग कळलं की ते टोक नव्हतंच, पुढे अजून बाजार होता. येताना वाट चुकले. चौकबिक काही नाही पाहिला, आई, सॉरी. म्हणजे चौकातून गेले असेन. माशाचा कसला वास होता! एक माणूस ओरडत होता, अगदी आपल्या बोंबीलवाल्यासारखा, सुरात. आणि वांगी! आपल्या पपईएवढी."

ती बोलतच राहिली. मी एवढी भराभर बोलताना तिला एप्रिलनंतर पाहिलंच नव्हतं. बय मान हलवत होती. मग तिने विचारलं,

"कुणाबरोबर बसलीस?"

"बसले?"

"बाजाराला गेलीस. कुणाबरोबर तरी बसली असशील."

निशाने कपाळावरचा घाम पुसला. "हो गं. मीठ दिलं ना, ती बाई. आजीच होती, तुझ्याएवढी. दारात शेंगा सोलत होती. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली तर तिने पायरीवर जागा करून दिली. मला तिची भाषा येत नाही. मी पण थोड्या शेंगा सोलल्या. पाच मिनिटं असतील."

"मग झाला बाजार," बय म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला.

बारा मिनिटं उरली होती. आम्ही त्यात फारसं काही बोललो नाही. निशा धापा टाकायची थांबेपर्यंत मी तिला बघत होते. शेवटी ती म्हणाली, "आई, आता माझी जीप जाईल," आणि आपणच हसली.

जव्हारची जीप मिळाली. बय खिडकीशी बसली.

१६ ऑक्टोबर

निशाचं जहाज मोठ्या समुद्रात आहे. अजून दहा दिवस फोन नाही.

बाजार होता. दुपारनंतर रजा टाकली. आता दर बाजाराला जमेल असं नाही, साहेब एक-दोनदा हसतील, मग हसणार नाहीत. जमेल तेव्हा.

बय, पुतळीमावशी, मी. चिंचेखाली साडेतीन तास. काही घेतलं नाही.

मीठ घेतलं.